उद्याला काय भिजू घातलंस?

२०२४ च्या जूनपासून आम्ही तिघी पुण्यात नवी पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहतो आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. खोलीला लागून चार फूट रुंदीचा ओटा असलेली एक जागा आहे, तिला घरमालकीण काकू स्वयंपाकघर म्हणतात. जानेवारीपर्यंत तिथे आमच्या बॅगा, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि एक मोडकी खुर्ची होती. मी हिंगोली जिल्ह्यातली, दुसरी चोपड्याची, तिसरी गुहागरची. काकूंना नावे लक्षात राहत नाहीत, त्यामुळे त्या आम्हाला जिल्ह्यांनीच हाका मारतात आणि आता आम्हीही एकमेकींना तशाच मारतो. पुढे ‘जळगाव’ आणि ‘रत्नागिरी’ असे लिहीन तेव्हा त्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणी आहेत, हे लक्षात घ्यावे. फेब्रुवारी ते जुलै २०२५ या सहा महिन्यांत आम्ही मेस सोडून खोलीवर शाकाहारी स्वयंपाक सुरू केला. त्याला किती खर्च आला, किती दिवस गेले आणि कुठे अडलो, हे सगळे लिहून ठेवत आहे, कारण सुरुवातीला आम्ही ज्या कोणाला विचारले त्यांनी एकतर ‘सोपे असते गं’ असे सांगितले किंवा ‘अभ्यास करायचाय की भांडी घासायचीत?’ असे विचारले. दोन्ही उत्तरांचा आम्हाला काही उपयोग झाला नाही.

मेसबद्दल आमची फार मोठी तक्रार नव्हती. दोन वेळचे महिन्याला ३,२०० रुपये, रविवारी संध्याकाळी सुट्टी, आणि सलग चार दिवस गावी गेलो तरच खाडे धरायचे, असा व्यवहार होता. तीन दिवसांसाठी गेले तर पैसे बुडाले. सोड्याचा अंश असलेली हरभऱ्याची भाजी आणि पातळ वरण यांची सवय झाली होती. पण जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले, पाणी उकळून प्या आणि उघड्यावरचे, शिळे अन्न टाळा अशा सूचना निघाल्या, आणि तिन्ही जिल्ह्यांतून रोज फोन येऊ लागले. आमच्या मेसमध्ये कोणालाही काही झाले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी माझ्या वडिलांनी ‘एकतर घरी ये, नाहीतर स्वतः करून खा’ असे सांगितले तेव्हा ते चेष्टा करत नव्हते. २ फेब्रुवारीला एमपीएससीची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची गट-ब ची संयुक्त पूर्व परीक्षा होती. ती होऊ द्यावी आणि ३ तारखेच्या सोमवारपासून सुरुवात करावी, असे आम्ही ठरवले.

सुरुवात इंडक्शनच्या शेगडीवर झाली. रत्नागिरीच्या मामेबहिणीकडे ती पडून होती. जळगावने आईकडून कुकर मागवून घेतला होता, पाच लिटरचा, अॅल्युमिनियमचा, तळ जरासा फुगलेला. डाळ-तांदूळ धुऊन, पाणी घालून, झाकण लावून तो शेगडीवर ठेवला आणि बटण दाबले, तर शेगडी टूँ टूँ करत राहिली. दहा मिनिटे आम्ही तिघी तिच्याकडे बघत होतो. वायर हलवून झाली, दुसऱ्या खोलीतल्या प्लगमध्ये लावून झाली. शेवटी खालच्या मजल्यावरचा एक मुलगा म्हणाला, ‘ताई, याला चुंबक चिकटत नाही, हे भांडे चालणार नाही.’ ज्या भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटते तेच भांडे इंडक्शनवर तापते, हे सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात आम्ही तिघींनी वाचलेले होते, आणि कदाचित त्यावरचा प्रश्नही सोडवला असता. त्या रात्री काकूंचे स्टीलचे पातेले आणले आणि झाकणावर वाटी ठेवून खिचडी शिजवली. भांडी घ्यायला जाताना फ्रीजच्या दारावरचा छोटा चुंबक खिशात ठेवावा, दुकानदार हसला तरी चालेल.

पहिल्या सहा दिवसांत चार वेळा खिचडी झाली. शिवाय गिझर आणि शेगडी एकाच वेळी लावली की खटका पडून मजल्यावरची वीज जायची, त्यामुळे सकाळी आंघोळ आधी की भात आधी यावर रोज बोलणी होत. वीज काकूंच्या सबमीटरवर होती आणि त्या युनिटमागे लावत असलेला दर पाहता इंडक्शन आम्हाला महिनाभरात महाग पडेल, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. म्हणून गॅस घ्यायचे ठरवले.

५ फेब्रुवारीला, बुधवारी, मी एका गॅस एजन्सीत गेले. आधारकार्ड, फोटो, बँकेचे पासबुक आणि भाडेकराराची प्रत असे सगळे नेले होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी करार उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘नोंदणी कुठंय?’ आमचा करार पाचशेच्या स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेला होता. त्यांना नोंदणीकृत करार हवा होता, सोबत इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा. मी वाद घातला नाही, कारण कायदा मला माहीत होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर असते. परीक्षेसाठी पाठ केलेले कलम काकूंना सांगायचे कसे, हा मात्र वेगळाच प्रश्न होता.

काकू नाही म्हणाल्या नाहीत. ‘खर्च तुम्ही करा, मला कुठं जायला लावू नका,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. अशा भाडेकराराची (लिव्ह अँड लायसन्सची) नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, त्यासाठी एक एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. एकूण भाडे आणि अनामत यांच्या हिशेबाने ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, ते आमच्या बाबतीत ५०० रुपये झाले. एजंटची फी आणि इतर धरून सगळे ३,००० रुपयांत बसले. पण काकूंचे वय ७१, आणि आयुष्यभर घरकाम केलेल्या हातांची बोटे यंत्रावर उमटेनात. पहिल्या दिवशी दहाही बोटे लावून झाली. एजंटने ओल्या रुमालाने पुसून पाहिले, काकूंनी खोबरेल तेल लावून पाहिले, शेवटी एजंट निघून गेला. दुसऱ्या खेपेला तो दुसरे यंत्र घेऊन आला आणि डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका एकदाची उमटली. त्यावर काकू म्हणाल्या, ‘बघ, लग्नातली अंगठी हिच्यातच होती.’ २० फेब्रुवारीला करार नोंदला गेला. ज्यांचे घरमालक वयस्कर आहेत त्यांनी या पायरीसाठी आठवडाभर हाताशी ठेवावा.

२१ तारखेला पुन्हा एजन्सीत गेले. केवायसीचा अर्ज भरला, माझ्या नावावर आधी कोणतीही जोडणी नाही असे घोषणापत्र लिहून दिले आणि आधार प्रमाणीकरण झाले. (माझी बोटे लगेच उमटली, उगाचच अपराधी वाटले.) घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये आहे. ही २,४५० रुपयांची रक्कम जोडणी परत करताना मिळते, मात्र त्यासाठी सुरुवातीला मिळणारे एसव्ही, म्हणजे सबस्क्रिप्शन व्हाउचर लागते. ते आम्ही कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवले आहे. भरलेल्या सिलिंडरचे आठशेच्या आसपास, पाईप, पुस्तिका आणि तपासणीचे मिळून आमची पावती ३,९०० रुपयांची झाली. एजन्सीतल्या एका कर्मचाऱ्याने ‘शेगडी इथूनच घ्यावी लागते’ असे दोनदा सांगितले. तशी सक्ती करता येत नाही. आयएसआय चिन्हाची शेगडी आपण बाहेरून घेतली तर ते तपासणीचे पैसे आकारून जोडून देतात. मी शांतपणे ‘तसे लेखी द्या’ म्हटल्यावर विषय तिथेच संपला. ४ मार्चला, मंगळवारी दुपारी सिलिंडर आला. पहिल्या भेटीपासून मोजले तर सत्तावीस दिवस झाले होते.

गॅस येईपर्यंत एक गोष्ट मात्र कळून चुकली होती, आणि खरे तर मला सगळ्यात जास्त तीच सांगायची आहे. आमच्याकडे फ्रीज नाही. इंटरनेटवर आठवड्याच्या स्वयंपाकाचे जे बेत सापडतात त्यांत रविवारी सगळे वाटण करून, भाज्या चिरून, डब्यांत भरून ठेवायचे असते, आणि त्यांतली एकही गोष्ट आम्हाला करता येण्यासारखी नव्हती. संध्याकाळी सात वाजता अभ्यासिकेतून थकून आल्यावर ‘आता काय करायचे?’ असा विचार सुरू झाला की उत्तर खिचडी तरी यायचे किंवा बाहेरून काही तरी, आणि बाहेरचे काही तरी तिघींत दोनशे रुपयांच्या खाली येत नसे. आई रोज रात्री नऊच्या सुमारास फोन करते. ‘जेवलीस का?’ हा प्रश्न तिने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोडून दिला आणि ती विचारू लागली, ‘उद्याला काय भिजू घातलंस?’ पहिले तीन दिवस उत्तर ‘काही नाही’ असे होते. चौथ्या दिवशी लाजेखातर वाटीभर मटकी भिजत घातली.

ती मटकी वाया गेली. भिजल्यावर पाणी काढून मी ती झाकणाच्या डब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रात्री उघडली तेव्हा बुळबुळीत होऊन वास मारत होती. मटकी आठ-दहा तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचे, स्वच्छ धुऊन सुती फडक्यात सैलसर बांधायची आणि गाठोडे चाळणीत ठेवायचे, म्हणजे हवा लागते. थंडीत मोडांना वीस तास लागले, मे महिन्यात दहा तासांत शेपट्या आल्या. आता शनिवारी रात्री भिजवतो, रविवारी सकाळी बांधतो आणि सोमवारी सकाळी उसळ करतो. पाव किलो मटकीला साधारण ३३ रुपये पडतात आणि मोड आल्यावर ती एवढी फुगते की तिघींची सकाळची उसळ होऊन संध्याकाळच्या पातळ रश्श्यालाही पुरते. बुधवारसाठी चवळी किंवा मसूर, शुक्रवारसाठी हरभरे किंवा छोले. रात्री शेवटचे भांडे जी घासेल तिने भिजत घालायचे, एवढा एकच नियम आम्ही केला आणि तो टिकला. वेळापत्रक करून भिंतीवर लावले होते, ते आठ दिवसांतच कोणी पाळेनासे झाले. भिजवलेले कडधान्य मात्र सकाळी ओट्यावर आपली वाट बघत असते, आणि ते टाकून देण्याची हिंमत तिघींपैकी कोणाचीही नाही. त्यामुळे पुढचा स्वयंपाक आपोआप ठरतो.

मधले दिवस भरून निघायला फार काही लागत नाही. मंगळवारी वरण-भात आणि एखादी फळभाजी, गुरुवारी पिठले-भाकरी. पिठल्याला तिघींना पाऊण वाटी बेसन आणि तीन वाट्या पाणी पुरते. आधी बेसन थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून घोटून घेतले, मग फोडणीतल्या पाण्याला उकळी आल्यावर एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळले की बिघडत नाही, आणि सगळे मिळून वीस रुपयांच्या आत होते. आदल्या दिवशीचा भात उरला तर सकाळी फोडणीचा भात, ताक आंबटले तर कढी. शनिवारी सकाळी डब्यांच्या तळाशी उरलेल्या सगळ्या डाळी एकत्र शिजवतो. तिला जळगाव ‘पंचायत राज’ म्हणते.

भाकरीने मात्र मला रडवले. ज्वारी आमच्या घरची होती, आईने पंधरा किलोचे पीठच दळून एसटीच्या पार्सलने पाठवले होते. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात भाकरी थापताना कडा फुटू लागल्या, परातीतून उचलताना दोन तुकडे, तव्यावर टाकताना चार. मला वाटले माझा हात बिघडला. जळगावने करून पाहिले, तिचेही तेच झाले. रात्री आईला सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, ‘पीठ कधीचं हाय?’ आणि मी उत्तर देण्याआधीच म्हणाली, ‘विरी गेली त्याची. उकळत्या पाण्यात मळ.’ विरी जाणे हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, पण त्याचा अर्थ हाताला त्या दिवशी कळला. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा मुळातच नसतो. पीठ जुने होत गेले की जो काही चिकटपणा असतो तोही कमी होतो. तेव्हा पाण्याला चांगली उकळी आणून ते पिठावर ओतायचे, उलथन्याच्या दांड्याने कालवायचे आणि हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या मुळाने, जोर देऊन, चांगले मळायचे. मळताना पीठ आधी भसभशीत वाटते, मग हळूहळू गुळगुळीत होते आणि हाताला चिकटेनासे होते. तो क्षण आला की गोळा घ्यायचा. थापून तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि मग सरळ जाळावर. पहिली भाकरी फुगली तेव्हा रत्नागिरीने तिचा फोटो काढून तिन्ही घरी पाठवला.

उरलेले पीठ संपल्यावर आम्ही ज्वारी आणून दोन-दोन किलोच दळून आणतो. गिरणीत गेल्यावर आधी कोणाचे काय दळले, हे विचारावे. गव्हावर ज्वारी दळली तर सुरुवातीचे पीठ मिसळते आणि भाकरी चामट होते. गिरणीवाले काका आता मला पाहिले की स्वतःच सांगतात, ‘थांब, आधी एक ज्वारीचा डबा जाऊ दे.’

भाजीपाल्याच्या खर्चाचा अंदाज यायला दोन महिने लागले. महात्मा फुले मंडई आमच्यापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे आणि आठवड्यातून एकदा भरणारा शेतकरी आठवडे बाजारही जवळ आहे. सुरुवातीला आम्ही एकदम आठ दिवसांची भाजी आणली. फेब्रुवारीत मेथीची जुडी दहा रुपयांना होती म्हणून चार आणल्या आणि दोन पिवळ्या पडल्या. फ्रीज नसेल तर पालेभाजी त्याच दिवसापुरती आणावी, आणि आठवड्यासाठी कांदे, बटाटे, न चिरलेला लाल भोपळा, दुधी आणि सुरण घ्यावे. मिरच्यांची देठे काढून त्या कोरड्या कागदात ठेवल्या तर सहा-सात दिवस राहतात. कोथिंबीर मुळांसकट पाण्याच्या ग्लासात उभी ठेवली तर उन्हाळ्यातसुद्धा दोन दिवस टिकते. रात्री साडेआठनंतर मंडईत वाटे लावतात, दहा रुपयांत चार-पाच वांगी किंवा मूठभर गवार मिळते, मात्र वाट्यातले खालचे दोन नग उलटून पाहावेत.

आता भांडणाकडे वळते. आमटी म्हटल्यावर मला काळा मसाला आणि लसूण आठवतो, रत्नागिरीला आमसूल आणि गूळ, आणि जळगावला आमटी नावाच्या पदार्थात मुळातच रस नाही, तिला तिखट घोटलेली डाळ हवी. मार्चच्या मध्यावर मी केलेल्या आमटीत रत्नागिरीने माझ्या नकळत गुळाचा खडा टाकला. मी ताटावरून उठले नाही, पण दोन दिवस तिच्याशी कामापुरतेच बोलले, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. रत्नागिरीला भाजीत ओला नारळ लागतो आणि त्या वर्षीचे नारळाचे भाव पाहता तो आमच्या हिशेबात बसत नव्हता. तोडगा शेवटी पैशांनीच काढला. नारळ महिन्यातून दोनदाच आणायचा, एरवी दाण्याचे कूट आणि भाजलेले तीळ वापरायचे. आमटी मात्र जिच्या हातची पाळी असेल तिच्या जिल्ह्याची, आणि बाकीच्यांनी मत मागितल्याशिवाय द्यायचे नाही. आमसुले गुहागरहून येतात, काळा मसाला माझ्या घरून आणि कळण्याचे पीठ चोपड्याहून. ज्वारी आणि उडदाच्या त्या भाकरीसोबत मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा असला की आणखी काही लागत नाही. कळण्याची भाकरी ज्वारीच्या भाकरीपेक्षा थापायला सोपी जाते, उडदामुळे पीठ धरून राहते, हे मला जळगावने शिकवले.

खर्चाची वही रत्नागिरीने ठेवली. मार्चचा महिना नमुना म्हणून सांगते, कारण तो गॅसवरचा पहिला महिना होता. तांदूळ, कणीक आणि ज्वारीचे मिळून हजार रुपयांच्या आसपास (घरून आलेले पीठही आम्ही बाजारभावाने धरले, नाहीतर हिशेब खोटा झाला असता). डाळी, कडधान्ये आणि बेसनाचे ७६०, तेलाचे ४५०, शेंगदाण्यांचे २००, रोज अर्धा लिटर दुधाचे ८४०, भाजीचे १,९००, चहा, साखर, मीठ, मसाल्यांचे ५००. सिलिंडर आम्हाला जेमतेम सव्वा महिना जातो, त्याचे ७०० धरले. सगळे मिळून ६,३५० च्या जवळ आले, म्हणजे प्रत्येकी २,१२० रुपयांपेक्षा थोडे कमी. मेसपेक्षा हजार-अकराशे रुपये वाचले. पण करार, गॅस, शेगडी, तीन लिटरचा नवा कुकर, परात, तवा, पोळपाट हे सगळे ११,२०० रुपयांपर्यंत गेले होते, म्हणजे प्रत्येकी तीन हजार सातशेच्या वर. म्हणून पहिले साडेतीन महिने खरे तर काहीच वाचले नाही. जी सहा महिन्यांनी खोली सोडणार आहे तिने फक्त पैशांसाठी हा उद्योग करू नये, असे माझे मत आहे. वेळेचेही तेच. आमच्यात पाळीने एक जण करते, एक भांडी घासते आणि एक सुटी असते. करणारीचा दिवसाचा सव्वा ते दीड तास जातो आणि परीक्षेच्या तोंडावर तो खूप वाटतो.

एप्रिलच्या ८ तारखेपासून घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला. त्यानंतर आम्ही कुकरमध्ये एकावर एक भांडी लावायला शिकलो. खाली डाळ, मधे बटाटे, वर भात. डाळीत हळद, हिंग आणि तेलाचा थेंब घातला की फेस कमी येतो आणि शिट्टीत अडकत नाही. आमच्या शिट्टीत एकदा हरभऱ्याची साले अडकली, वाफ जायला जागा राहिली नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि छतावर पिवळा डाग पडला. कोणाला लागले नाही. तेव्हापासून कुकर लावण्याआधी शिट्टी काढून झाकण उजेडाकडे धरतो आणि शिट्टीखालच्या नळीतून आरपार दिसते का ते बघतो. काकूंना तो डाग अजून दाखवलेला नाही.

मे महिन्यात गट-क ची पूर्व परीक्षा जवळ आली, ती १ जूनला होती. त्या काळात आम्ही फक्त तीनच गोष्टी केल्या: सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी वरण-भात, रात्री खिचडी किंवा दही-भात. कोणालाही वाईट वाटले नाही. २५ मेच्या सुमारास पाऊस नेहमीपेक्षा फार लवकर आला, आठ दिवसांत मेथी तीस रुपयांवर गेली, कोथिंबिरीच्या जुडीला हात लावावा की नाही अशी स्थिती झाली. तेव्हा कोरडे सामान कामाला आले. आईने पाठवलेले सांडगे, गुहागरची वाळवलेली आमसुले, वाटाणे, आणि ज्या दिवशी काहीच नव्हते त्या दिवशी वरणफळे. कणकेचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे फोडणीच्या पातळ वरणात शिजवले की भाजीही लागत नाही आणि पोळ्याही लाटाव्या लागत नाहीत. पोळ्या आमच्याकडून अजूनही नीट होत नाहीत. त्या आम्ही आठवड्यातून दोनदा कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणतो आणि त्याबद्दल एकमेकींना काही बोलत नाही.

जुलैमध्ये आषाढी एकादशी रविवारी, ६ तारखेला आली. साबुदाणा मी मटकीसारखाच भरपूर पाण्यात भिजत घातला आणि सकाळी त्याची पेज झाली. साबुदाण्याला धुतल्यावर तो जेमतेम बुडेल इतकेच पाणी लागते, हे आता तुम्हाला सांगते, मला कोणी सांगितले नव्हते. आईने रात्रीच्या फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला होता आणि मी मोठ्या रुबाबात ‘साबुदाणा’ म्हणाले होते. पाणी किती, हे तिनेही विचारले नाही.

२९ जुलैला नागपंचमी होती. आदल्या दिवशी काकू वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, ‘उद्या चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, माहितीय ना गं?’ आमच्या घरीही तेच, जळगावकडेही तेच आणि रत्नागिरीकडे त्या दिवशी हळदीच्या पानांवर पातोळ्या उकडतात. काकूंच्या कुंडीत हळद आहे, त्यांनी सहा पाने तोडून दिली आणि तांदळाची पिठी जळगाव खालच्या दुकानातून घेऊन आली. शेवटचे भांडे त्या रात्री मी घासले, म्हणून पुरणाच्या दिंडांसाठी हरभऱ्याची डाळ मीच भिजत घातली, दीड वाटी, पाणी बोटभर वर. सकाळी त्याच कुकरमध्ये खाली डाळ शिजवली आणि नंतर तळाशी पाणी ठेवून चाळणीवर आधी दिंड, मग पातोळ्या उकडल्या. सुरी, विळी आणि तवा काढायचाच नसल्यामुळे कोणाच्या पद्धतीने करायचे हा प्रश्न सहा महिन्यांत पहिल्यांदाच निघाला नाही, आणि गूळ सगळ्याच पदार्थांत होता.